रँग्लर परांजपे वाया गेले का?

"वाया गेला हो माणूस," चहाचा रिकामा ग्लास कट्ट्यावर आपटत मंदार म्हणाला. विषय रँग्लर परांजप्यांचा. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर होतो, म्हणजे गणिताच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेत पहिला. हा मान मिळवणारा पहिला भारतीय! "आणि पुढं काय? 1902 ला फर्ग्युसनचे प्राचार्य. मग मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री, मग लखनौचे कुलगुरू, म्हातारपणी पुण्याचे. एक तरी प्रमेय आहे का नावावर?"

नाना चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत. ते उसळलेच. "पहिला आला की संशोधक होतो, हे तुला कुणी सांगितलं? एवढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ, पण 1845 ला केल्विन दुसरा आला. 1854 ला मॅक्सवेल दुसरा. त्याच्या वर होता राउथ. त्यानं काय केलं? क्लास काढला! पंचवीसहून जास्त सीनियर रँग्लर घडवले. तुमचं आत्ताचं कोटा म्हण ना."

"नाना, राउथची स्टॅबिलिटीची कसोटी आम्हाला परीक्षेला होती," मंदार शांतपणे म्हणाला. इंजिनिअर आहे तो. नानांनी हा मुद्दा मुकाट्यानं सोडला.

पण मूळ मुद्दा खराच होता. ती परीक्षा म्हणजे वेगाची शर्यत, ठरावीक युक्त्या घोटून घेतलेली. गणितज्ञ हार्डी 1898 ला चौथा आला आणि पुढं याच पद्धतीविरुद्ध भांडला. 1909 नंतर क्रमवार यादी बंदच झाली. आपल्याकडे मात्र रँग्लर हे जवळजवळ आडनाव होऊन बसलं.

"तरी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिप मिळाली होती त्यांना," शिल्पा म्हणाली. "तिथंच राहायचं की."

"म्हणजे इथं येऊन शिकवणं हे वाया जाणं?" नानांचा आवाज चढला. मला वाटतं, ते परांजप्यांबद्दल बोलत नव्हते.

मंदारला ते कळलं असावं. तो नरमला, पण हरला नाही. "तिथं राहिले असते तर काय झालं असतं, कुणी सांगावं?"

"मी सांगतो," नाना म्हणाले. "त्या वर्षी पहिला नंबर दोघांत विभागून होता. दुसरा जॉर्ज बर्टविसल. तो केंब्रिजलाच राहिला, क्वांटमवर पाठ्यपुस्तकं लिहिली. आता त्याच्या नावचं प्रमेय सांग."

मंदारनं फोन काढला. दुसरा चहा आला, संपला. तो अजून शोधतोय.