१९१८च्या साथीत मास्कला विरोध झालाच नव्हता? खुलासा

‘शंभर वर्षांपूर्वीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत लोकांनी निमूटपणे मास्क लावले, निदर्शनं हे आजच्या पिढीचं खूळ,’ असा एक संदेश कोरोनाकाळापासून फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचंच उदाहरण घ्या. तिथे ऑक्टोबर १९१८मध्ये मास्कसक्ती झाली. न लावणाऱ्यांना दंड होई, काहींना तुरुंगाची हवाही खावी लागली. एका मुष्टियुद्धाच्या सामन्यात खुद्द महापौर जेम्स रॉल्फ विनामास्क दिसले आणि त्यांनाही दंड भरावा लागला! (पुढाऱ्यांचं हे वागणंही काही नवं नाही.)

२१ नोव्हेंबरला सक्ती उठली, पण रुग्ण पुन्हा वाढल्यावर जानेवारी १९१९मध्ये ती परत आली. मग मात्र लोक चिडले. ‘अँटी-मास्क लीग’ नावाची संघटनाच उभी राहिली आणि २५ जानेवारीच्या तिच्या सभेला हजारांत गर्दी जमली. व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला येतो आणि मास्कचा उपयोग सिद्ध झालेला नाही, हे त्यांचे मुद्दे आज ओळखीचे वाटतील.

याच्या उलट टोकाचा दावाही कधी कधी दिसतो: ‘लोकांनी आंदोलन करून मास्क हटवायला लावले.’ १ फेब्रुवारीला सक्ती उठली हे खरं, पण तोवर रुग्णसंख्या उतरली होती आणि ती उठवण्याची शिफारस आरोग्य मंडळाने केली होती. आंदोलनाचा दबाव नव्हताच असं नाही. सगळं श्रेय त्याला देणं मात्र अतिशयोक्ती आहे.