होम सायन्स म्हणजे पोळ्या लाटायचं कॉलेज का रे?

विषय निघाला सुन्याच्या पुतणीच्या अॅडमिशनवरून. पोरीला परभणीला कृषी विद्यापीठात कम्युनिटी सायन्सला जायचंय, म्हणजे आधीचं होम सायन्सच ते, आणि सुन्याचा भाऊ म्हणतोय की पोळ्या शिकायला चार वर्षं कशाला पाहिजेत, घरी आई आहे की. हे सांगून सुन्या स्वतःच खिदळला आणि तिथंच फसला, कारण शुभा कट्ट्यावर होती आणि ती फूड अँड न्यूट्रिशनची एमेस्सी.

"तुझ्या भावाला सांग, ज्या बाईनं हा विषय उभा केला ती केमिस्ट होती," शुभा म्हणाली. अमेरिकेतली एलन स्वॅलो रिचर्ड्स, तिकडच्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत अॅडमिशन मिळालेली पहिली बाई, १८७३ ला पदवी. तिला फी माफ केलेली, तिला वाटलं आपली गरिबी बघून केली असेल, नंतर कळलं की कुणी बोंब मारलीच तर 'ही आमची रेग्युलर विद्यार्थिनी नाहीच' असं म्हणायला जागा राहावी म्हणून केली होती! पुढं याच बाईनं मॅसॅच्युसेट्समधल्या पाण्याचे हजारो नमुने तपासले, किराणा मालातली भेसळ शोधली, आणि १८९९ ला लेक प्लॅसिड गावातून सुरुवात होऊन दरवर्षी परिषदा भरल्या त्यातून होम इकॉनॉमिक्स, म्हणजे आपलं होम सायन्सच, हा विषय बांधला गेला. सांडपाणी, हवा, दूध, पोषण, घरखर्च, सगळं त्यात.

मिल्या ऐकून घेणारा नाहीच. "मग सरळ केमिस्ट्री शिकवायची ना पोरींना! स्वतः लॅबमध्ये जायचं आणि बाकीच्यांना किचन दाखवायचं, हे बरंय."

"अरे पण केमिस्ट्री शिकून नोकरी देत कोण होतं? अॅग्नेस फे मॉर्गन घे, शिकागो विद्यापीठाची केमिस्ट्रीतली पीएचडी, १९१४ ची. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात घेतलं ते न्यूट्रिशन शिकवायला. मग तिनं तिथंच होम इकॉनॉमिक्सच्या डिपार्टमेंटात व्हिटॅमिनवर संशोधन केलं, काय करणार."

"म्हणजे मागचं दार."

"हो, मागचंच. पुढचं बंद होतं ना."

इथं मला शुभाचं पटत होतं, पण मिल्याचा पुढचा मुद्दा पण खोटा नव्हता. १९१७ ला अमेरिकेत स्मिथ-ह्यूज कायदा आला, सरकारी पैसा मिळायला लागला व्यावसायिक शिक्षणाला, आणि वाटणी अशी की शेती आणि कारखान्यातली कामं मुलांना, होम इकॉनॉमिक्स मुलींना. म्हणजे विषय गावोगावच्या शाळांत पोचला तो पैशामुळं, आणि 'बायकांचा विषय' हा शिक्का पक्का झाला तोही त्याच पैशामुळं. रिचर्ड्स बाई १९११ लाच गेलेल्या.

मग शुभानं अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठाचं सांगितलं आणि सगळे गप्प. तिथं १९२० च्या आसपास अनाथाश्रमातून खरीखुरी तान्ही बाळं आणायचे, विद्यार्थिनी एका फ्लॅटमध्ये राहायच्या आणि आळीपाळीनं आई व्हायच्या, अंघोळ, दूध, झोप सगळं वेळापत्रकाप्रमाणं, आणि बाळांना आडनाव दिलेलं डोमेकॉन, डोमेस्टिक इकॉनॉमीवरून. हे कित्येक वर्षं चाललं. सुन्या म्हणाला बाळावर प्रॅक्टिकल?? मिल्या म्हणाला बघा, हे तुमचं सायन्स. शुभा म्हणाली वाईटच होतं ते, पण त्या काळात मूल वाढवणं हे शिकायची गोष्ट आहे असं मानणारेच मुळात किती होते सांग. (मला तरी ते डोमेकॉन काही पचलं नाही. लेकराला एवढे हात लागल्यावर त्यानं नेमकं कुणाला आई समजायचं?)

"आपल्याकडं तरी काय वेगळं झालं?" मिल्या परत सुरू. कर्व्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं, त्याला प्रेरणा जपानच्या महिला विद्यापीठाची, आणि त्यांचं म्हणणंच होतं की बाईचं क्षेत्र वेगळं तर शिक्षणही वेगळं पाहिजे. शुभानं हे मान्य केलं, पण म्हणाली तेच विद्यापीठ मातृभाषेतून शिकवत होतं, त्यामुळं ज्यांना इंग्रजी कॉलेज झेपलंच नसतं त्या पोरी शिकल्या, ते कुठं टाकशील? आणि अखिल भारतीय महिला परिषद, जिचं पहिलं अधिवेशन १९२७ ला आपल्या पुण्यात झालं, तिनंच १९३२ ला दिल्लीत होम सायन्सचं लेडी आयर्विन कॉलेज काढलं. बायकांनी बायकांसाठी काढलेलं, कुणी लादलेलं नाही.

माझ्यामते सगळ्यात भारी नाव निघालं ते शेवटी. हंसा मेहता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्यात 'ऑल मेन' च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' करायला लावणाऱ्या त्याच. त्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू असताना तिथं होम सायन्सची अख्खी फॅकल्टी उभी राहिली, आणि त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीनं साठच्या दशकात सांगितलं की मुलगे आणि मुली यांचा अभ्यासक्रम वेगळा ठेवू नका. सरकारच्या कोठारी शिक्षण आयोगानंही १९६६ ला तेच उचलून धरलं, होम सायन्स मुलींना सक्तीचं नको म्हणून.

"मग मुलांना का नाही लावलं अजून?" मिल्या.

"तुझ्यासारख्यांनी घेतलं असतं का? तुला साधा वरणभाताचा कुकर लावता येतो का सांग."

मिल्या म्हणाला तो मुद्दाच वेगळाय. सुन्यानं भावाला फोन लावला, स्पीकरवर टाकून शुभाच्या हातात दिला, आणि पलीकडून पहिला प्रश्न आला, "हॉस्टेल मिळतं का तिथं?"