ओल्या कचऱ्याचा कोळसा होत नाही

‘किलोभर घरगुती कचऱ्यात किलोभर कोळशाएवढी ऊर्जा असते. स्वीडन परदेशातून कचरा आणून वीज करतं, आपण तो कुजवतो. ओला-सुका करत बसू नका, सगळा जाळा.’ हा मेसेज मला या महिन्यात तिसऱ्यांदा आला. मनापासून सांगते, यावर विश्वास ठेवू नका.

आधी कोळशाची तुलना. आपल्याकडचा कोळसा किलोमागे साधारण 3,500 ते 4,000 किलोकॅलरी उष्णता देतो. कोरडी रद्दीही जवळपास तितकीच देते, आणि दुधाची पिशवी तर 11,000 च्या घरात, म्हणजे डिझेलच्या पंक्तीतली. पण आपल्या बादलीत वजनाने सगळ्यात जास्त काय असतं? सालं, देठं, उरलेला भात. मी एक किलो दुधीची सालं नि पालेभाजीचे देठ मोजून गच्चीवर वाळत घातले. चार दिवसांनी 130 ग्रॅम उरले. त्यांची उष्णता फार तर 500 किलोकॅलरी. उडून गेलेलं 870 ग्रॅम पाणी भट्टीत उकळून घालवायलाच सुमारे 535 लागतात. म्हणजे ही सालं भट्टीला काही देत नाहीत, उलट रद्दीची उष्णता खातात.

दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये रोज 300 टन कचरा जाळणारा प्रकल्प उभा केला होता. कचऱ्याचा उष्मांक इतका कमी भरला की तो लवकरच बंद पडला.

स्वीडन कचरा आयात करतं, हे खरं आहे. पण कचरा पाठवणारे देश तो घेण्याचे पैसे देतात, आणि तिथल्या भट्ट्यांची बरीचशी उष्णता वीज न होता नळांतून घरं ऊबदार ठेवायला जाते. आपल्याकडे अशी मागणी कुठून येणार?

‘ओला-सुका करू नका’ हा सल्ला तर पुरता उलटा आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी किलोमागे 1,500 किलोकॅलरी आणि त्यावरचा, पुनर्वापर न होणारा कचरा ऊर्जेसाठी वापरायला सांगितलं. ओलं मिसळलं की तो आकडा खाली येतो आणि विकता येणारी रद्दीही वाया जाते.

आणि कृपा करून बंबात प्लास्टिक घालू नका. वायरच्या आवरणातल्या पीव्हीसीत क्लोरीन असतो; धुमसत्या आगीत त्यातून आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात.

माझ्या सालींची जागा बायोगॅसच्या टाकीत आहे. तिथे पाणी उकळावं लागत नाही, जिवाणूंना ते हवंच असतं.