खोबरेल, मेणबत्ती, टूथपेस्ट: सायकलच्या रंगावर हे प्रयोग करू नका

मृग जवळ आला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. थोडक्यात असा: ‘फ्रेमचा रंग जपायला वॅक्स विकत घेऊ नका. वॅक्स म्हणजे नुसती चकाकी, ती खोबरेल तेलानेही येते. नाहीतर मेणबत्ती घासा, मेण ते मेणच. ओरखडे टूथपेस्टने काढा. पैसे असतील तर एकदाच सिरॅमिक कोटिंग करून घ्या, 5 वर्षं बघायला नको. पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळले की गंजाची भीती संपली. हे सगळं कुठल्याही सायकलला चालतं.’

यातली एक गोष्ट मला मान्य आहे. खास ‘सायकलचं’ म्हणून विकलं जाणारं महाग वॅक्स घ्यायची गरज नाही. चारचाकीचं साधं वॅक्स उत्तम चालतं आणि फ्रेम एवढीशी असते की एक डबी कित्येक पावसाळे पुरते. बाकीचा मजकूर मात्र लोकांच्या सायकली खराब करतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

खोबरेलापासून सुरुवात करतो, कारण हा सल्ला सगळ्यात जास्त पाळला जातो. तेल लावल्यावर फ्रेम चमकते, हे खरं. पण खोबरेल हे न वाळणारं तेल आहे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट पापुद्रा धरतं, खोबरेल तसं कधीच करत नाही. साधारण 24 अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणून थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते, आणि त्याहून उष्ण हवेत ते पातळ होऊन वाहतं. म्हणजे फ्रेमवर ते वर्षभर चिकटच राहतं. रस्त्यावरची धूळ, ब्रेकची काळी भुकटी, चेनच्या वंगणाचे शिंतोडे, सगळं त्याला चिकटतं. मग आपण कोरडं फडकं घेऊन ते पुसायला जातो आणि तीच बारीक माती रंगावर पॉलिशपेपरसारखी फिरते. उन्हात धरल्यावर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे असेच पडतात. शिवाय तेल ओघळून डिस्कवर किंवा रिमच्या कडेला गेलं तर ब्रेक लागत नाही. घाटाच्या उतारावर ही फार गंभीर गोष्ट आहे.

काहीजण तेलाऐवजी डब्ल्यूडी-40 मारतात. 1953 मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोत ते बनलं ते पाणी हटवण्यासाठी. नावातला ‘40’ म्हणजे चाळिसावा प्रयत्न. अडकलेला नट सोडवायला, चिकट डाग काढायला ते छान आहे. पण त्यातला मोठा भाग उडून जाणारा द्रव असतो आणि मागे पातळ तेल उरतं. रंगाचं संरक्षण हे त्याचं काम नव्हे.

‘मेण ते मेणच’ हे वाक्य तर धादांत चुकीचं आहे. मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन. ते साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या काळ्या फ्रेमला हात लावून बघा, चटका बसतो. तिथे पॅराफिन टिकत नाही. मुळात कोरडी मेणबत्ती घासून एकसारखा थर बसतच नाही. पांढरे पट्टे उठतात आणि लोगोच्या कडेला, वेल्डिंगच्या सांध्यात मेणाचे गोळे अडकून त्यात माती भरते. हाच पॅराफिन वितळवून त्यात स्वच्छ केलेली चेन बुडवली तर काम सुरेख करतो. तो चेनचा उपाय आहे. कोणीतरी तो ऐकून फ्रेमवर आणला असावा.

गाडीच्या वॅक्समध्ये बहुधा कार्नाउबा नावाचं मेण असतं. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताड होतो. कोरड्या हवेत पानांतलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेणाचा लेप धरतो. ती पानं वाळवून झोडपली की हे मेण भुकटीसारखं झडतं. ते 82 ते 86 अंशांना वितळतं आणि इतकं कडक असतं की नुसतं घासताच येत नाही. म्हणून उडून जाणाऱ्या द्रवात कालवून विकतात. आपण लावतो, द्रव उडतो, पांढरट धुकं दिसतं, ते मऊ फडक्याने पुसलं की खाली केसापेक्षा कितीतरी पातळ कोरडा थर राहतो. हा ‘कोरडा’ शब्द महत्त्वाचा. धूळ त्यावर बसते पण चिकटत नाही. आमच्याकडच्या पावसात हा थर काही आठवडे टिकतो, फार तर दोनेक महिने. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट मिळतात, ते जास्त टिकतात. रोज भिजणारी सायकल असेल तर मी सीलंटच घ्यायला सांगतो.

टूथपेस्टबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. रविवारी आम्ही काहीजण सोसायटीत जुन्या सायकली दुरुस्त करायला बसतो. गेल्या वर्षी एक मुलगा आजोबांची चोवीस इंची काळी सायकल घेऊन आला. मोठ्या प्रेमाने त्याने ती टूथपेस्टने घासली होती. दांड्यावरची हाताने ओढलेली सोनेरी रेघ अर्धी पुसली गेली होती आणि पुढच्या नळीवरच्या कंपनीच्या चित्राचं नुसतं डोकं उरलं होतं. ते परत आणता येत नाही. टूथपेस्टमध्ये चुनखडी किंवा सिलिकाचे कण असतात. ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा रंग खरवडून सपाट होतो. जुन्या काळ्या सायकलींवर रेघा आणि चित्रं बहुतेक वेळा रंगाच्या वर असतात, त्यांवर लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नसतं. नव्या सायकलींवर लॅकर असतं, पण तेही केसाहून पातळ. गॅरेजवाले ज्याला ‘रबिंग’ म्हणतात त्याची बारीक पेस्ट मिळते, तिचे कण निदान त्या कामासाठी निवडलेले असतात. तीही वर्षातून एकदा, फक्त चमकदार लॅकरवर, हलक्या हाताने. वॅक्स विकत घेताना डबीवर ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलंय का बघा. त्यातही घासणारे कण असतात. जुन्या सायकलीला ते नको.

‘कुठल्याही सायकलला चालतं’ यावरही विश्वास ठेवू नका. मॅट रंगाची फ्रेम हल्ली सर्रास दिसते. तिचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो. साधं वॅक्स त्या खड्ड्यांत भरतं आणि फ्रेमवर तुकतुकीत चट्टे उठतात. तिला मॅटसाठीचंच स्प्रे सीलंट. हवेत वाळणाऱ्या रंगाने फ्रेम नुकतीच रंगवली असेल तर निदान महिनाभर काहीच लावू नका, आतला द्रव बाहेर पडू द्या. पावडर कोटिंग भट्टीत पक्कं होतं, त्याला थांबावं लागत नाही.

सिरॅमिक कोटिंगला, म्हणजे द्रवरूपात लावून रंगावर कडक होणाऱ्या थराला, माझा विरोध नाही. ते वॅक्सपेक्षा कडक आहे, टिकतंही जास्त. पण उडालेल्या खडीपासून किंवा रंगावर घासणाऱ्या ब्रेक-केबलपासून ते वाचवत नाही, आणि धुणं तर मुळीच टळत नाही. सायकलचा रंग खरा झिजतो तो केबल घासते तिथे आणि खालच्या नळीच्या पोटाशी. तिथे पारदर्शक पॉलीयुरेथेनची जाड फिल्म चिकटवा. फिल्म आधी, वॅक्स नंतर. वॅक्सवर फिल्म धरत नाही.

राहिले मोती. थेंब उभे राहतात म्हणजे पृष्ठभाग पाण्याला धरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बोअरच्या पाण्याचे थेंब तसेच वाळू दिले तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचं पांढरं कडं उरतं. तेव्हा धुतल्यावर पुसायलाच हवं. आणि गंज? लोखंडी फ्रेममध्ये तो शिरतो टवका उडालेल्या जागेतून, आणि मग रंगाखालून पसरतो. वॅक्सचा पातळ थर टवका बुजवू शकत नाही. तिथे बारीक पॉलिशपेपरने गंज काढा, प्रायमरचा ठिपका द्या, वर जुळणाऱ्या रंगाचं नेलपॉलिश लावलं तरी चालेल. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर हे पावसाळ्यानंतर परत एकदा तपासा.

शिवाय बऱ्याच लोखंडी फ्रेम आतून गंजतात, कारण सीटच्या नळीतून उतरलेलं पाणी खाली बीबीपाशी, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथे, साचतं. बाहेरून कितीही मोती घरंगळोत, तिथे वॅक्स पोचतच नाही. तिथे मात्र तेल कामाचं आहे, पण वाळणारं: जवसाचं. सीट काढून नळीत थोडं ओता, सायकल सगळीकडे कलती करा आणि पूर्ण वाळू द्या. ज्या फडक्याने तेल पुसाल ते चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असं फडकं आपोआप पेटू शकतं. ते पाण्यात भिजवा किंवा दोरीवर उलगडून वाळत घाला. पावसातून घरी आलात की सीट काढून सायकल दहा मिनिटं उलटी करून ठेवा. पहिल्यांदा कराल तेव्हा नळीतून किती पाणी येतं ते बघा.