फक्त एक पी व्हॅल्यू काढून द्या ना!

मी सांख्यिकीवाला; डॉक्टरांच्या संशोधनातले आकडे तपासून देतो. परवा रात्री पावणेबाराला एका डॉक्टरचा फोन. "सर, झोपला नव्हतात ना? एक्सेलची फाइल पाठवलीय. फक्त पी व्हॅल्यू काढून द्या, उद्या थीसिस सबमिट करायचाय." पी व्हॅल्यू म्हणजे संशोधनात दिसलेला फरक खरा मानावा का, हे ठरवायला सगळे ज्याच्याकडे बघतात तो आकडा; नेमका अर्थ पुढे येईलच. दर वेळी अर्ध्या झोपेत मार्गदर्शन करण्यापेक्षा होतकरू संशोधकांसाठी एकदाच लिहून ठेवतो.

सांख्यिकीवाल्याकडे जायची घाई नको. आधी पेशंट गोळा करा. सॅम्पल साइज, म्हणजे किती पेशंट घ्यायचे? मिळाले तेवढे. मग फॉर्म्युल्यात असे आकडे कोंबा की उत्तर बरोब्बर तेवढंच यावं. (प्रयोग उरकल्यावर सांख्यिकीतज्ज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला लावणं, असं आमच्या सांख्यिकीतला दिग्गज रोनाल्ड फिशर १९३८ साली म्हणून गेला. तुम्ही डॉक्टर, तुम्हाला शवविच्छेदनाचं काय एवढं!)

'रँडम' म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड? छे, ओपीडीत जो सापडला तो.

फाइल रंगीबेरंगी असावी. परवाच्या फाइलमध्ये लिंगाच्या रकान्यात 'पु', 'पुरुष', 'मेल' असे तिन्ही प्रकार सुखाने नांदत होते. रक्तदाबाचे दोन्ही आकडे एकाच चौकटीत, १३०/८०; आता सरासरी काढा कशी! सातजणांचं वय ठाऊक नव्हतं म्हणून तिथे ९९९; त्यामुळे १२० पेशंटचं सरासरी वय शंभरीपार. शिवाय अकरा ओळी लालभडक. का लाल, ते कुठेही लिहिलेलं नाही.

धोका नेहमी पटीत सांगा. १९९५ साली ब्रिटनमध्ये नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका 'दुप्पट' झाला, म्हणजे सात हजारांत एकीऐवजी दोघींना. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या, पुढच्या वर्षी गर्भपात वाढले. पण मथळा झकास होता.

आता लाडकी पी. ०.०५ च्या खाली आली की औषध लागू पडलं, वर राहिली की नाही पडलं. ०.०५१ आली तर? टेस्ट बदला. टी टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्या ताडणारी चाचणी) ऐकत नसेल तर मॅन-व्हिटनी (आकड्यांचे क्रम लावून ताडणारी), तीही ऐकेना तर दोन पेशंट 'आउटलायर', म्हणजे बाकीच्यांहून फारच वेगळे, म्हणून हाकला. मग वयोगट पाडा, मधुमेही वेगळे काढा, धूम्रपानवाले वेगळे. वेगवेगळ्या वीस टेस्ट केल्या तर औषधात काडीचा दम नसतानाही एखादी तरी ०.०५ खाली घसरण्याची शक्यता ६४ टक्के! १९८८ च्या आयसिस-२ अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिनने जीव वाचतात हे १७ हजारांवर पेशंटमध्ये दिसलं. त्याच आकड्यांची राशीवार फोड केली, तर मिथुन आणि तूळवाल्यांना म्हणे किंचित अपायच. त्यांनी हे असल्या फोडाफोडीची फजिती दाखवायला मुद्दाम छापलं होतं. तुम्ही तेच गंभीर चेहऱ्याने करता! आणि पी म्हणजे काय विचारलं की पाठ केलेलं उत्तर: "निकाल योगायोगाने आला असण्याची शक्यता." नाही हो, नाही! औषधाने काहीच फरक पडत नाही असं धरलं, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. किती वेळा सांगायचं? फरक केवढा, पेशंटला त्याचं सोयरसुतक आहे का, हे पीला काय ठाऊक? दहा हजार पेशंट घ्या, रक्तदाबातला एका मिलिमीटरचा फरकही 'सिग्निफिकंट', म्हणजे पी ०.०५ च्या खाली, येईल. कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) लिहा म्हटलं की, "गाइडनी तो मागितला नाहीये, सर."

त्या लाल ओळींचं विचारायला मीच उलट फोन केला. "सर, ते बहुतेक वारले. किंवा फॉलोअपला आले नसतील."

बहुतेक? माणूस मेला की नुसता आला नाही, हे तुम्हाला माहीत नाही आणि तुम्ही उपचाराचा निकाल लावायला निघालात? १२० माणसांनी तुमच्या शब्दावर सही केली, दंड पुढे केला, रक्त दिलं. त्यातल्या अकराजणांचा तुमच्याकडे पत्ता नाही, आणि घाई कसली, तर पीची! लाज वाटली पाहिजे. प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहिताना अर्धा तास आला असतात तर 'पेशंटचं पुढे काय झालं' हा रकानाच वेगळा आखून दिला असता.

पी व्हॅल्यू काढलेली नाही. अकराही केसपेपर शोधा, एकेकाचं काय झालं ते लिहा आणि मग या. दिवसा या.