गोव्याचा इतिहास १५१० ला सुरू होत नाही, एकदा पिलारच्या टेकडीवर जाऊन बघा

गोव्याला दरवर्षी न चुकता जाणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला गोव्याचा इतिहास विचारा, गाडी थेट पोर्तुगीजांवर येऊन थांबते. आल्बुकर्क, १५१०, चर्च, इन्क्विझिशन, मग १९६१ ची मुक्ती, की झालं. त्याच्या आधी जणू इथे माड आणि समुद्र सोडून काही नव्हतंच. मला याचा खरंच राग येतो आणि परवा पिलारला जाऊन आल्यापासून तो जास्तच वाढलाय, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वेळ काढून वाचा.

पणजीहून मडगावच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर गोवा वेल्हा गाव येतं. (टूरिस्ट बसेस थांबतात ती मोठमोठी चर्च मांडवीच्या काठी जुन्या गोव्यात, ती जागा वेगळी. हे गाव झुआरी नदीच्या बाजूला.) इथल्या टेकडीवर पिलारचं चर्च आणि मठ आहे, १६१३ मध्ये कापुचिन साधूंनी बांधलेला. पुढे १८३५ ला पोर्तुगीज सरकारनेच धर्मसंघांना बाहेर काढलं, मठ ओस पडला, नंतर १८९० च्या सुमारास पिलार मिशनच्या लोकांनी तो हातात घेतला आणि आजतागायत सांभाळला. संतासारखे मानले जाणारे फादर आग्नेल, त्यांची समाधी इथेच, त्यामुळे भाविक येतात, मेणबत्ती लावतात, डोळे मिटून बसतात, आणि बहुतेक सगळे तिथूनच परत जातात. आवारात एक म्युझियम आहे, तिकडे पावलं वळतच नाहीत.

तिथे जा. तिथे कदंबांचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या कित्येक शतकं आधी इथे राज्य करणाऱ्या घराण्याचं गोवा आहे. आसपासच्या जमिनीतून निघालेली दगडी शिल्पं, खापरं, नाणी, सगळं या पाद्र्यांनी वर्षानुवर्षं गोळा करून ठेवलंय. कारण ही टेकडी ज्या गावाच्या डोक्यावर उभी आहे ते साधं गाव नाही, ती गोपकपट्टण, गोव्याच्या कदंबांची राजधानी. आधी त्यांचं राज्य चांदोरहून, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपुराहून चालायचं, आणि अकराव्या शतकाच्या मध्यावर पहिल्या जयकेशीने राजधानी इथे झुआरीच्या तोंडावर आणली. का आणली? बंदरासाठी! हे समुद्रावर जगणारं राज्य होतं. त्याच्या बापाबद्दल, षष्ठदेवाबद्दल, धारवाडजवळच्या नरेंद्र गावच्या शिलालेखात लिहिलंय की त्याने जहाजांच्या रांगा लावून लंकेपर्यंत पूल बांधला. कवीने वाढवून सांगितलंय हे उघड आहे, पण ज्या राजाची स्तुती करताना हत्ती-घोडे सोडून जहाजं आठवतात तो राजा कसा असेल याचा विचार करा ना.

आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती ताम्रपटातली गोष्ट. कदंबांचा एक राजा, गुहल्लदेव, समुद्रमार्गे सोमनाथच्या यात्रेला निघाला, वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली, कसंबसं जवळच्या बंदराला लागले, आणि तिथे मदुमद नावाच्या एका श्रीमंत अरब व्यापाऱ्याने त्याला मदत केली. कदंब हे विसरले नाहीत. पुढे याच मदुमदच्या नातवाला जयकेशीने मोठ्या अधिकाराच्या जागेवर नेमलं, गोपकपट्टणात मशीद बांधायला परवानगी दिली, आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर घ्यायचा हक्क दिला. शिवभक्त राजा, सोमनाथची यात्रा, अरब अधिकारी, बंदराच्या जकातीतून मशिदीचा खर्च, आणि हे सगळं १०५० च्या दशकात तांब्यावर कोरलेलं. मराठी शाळांमधल्या किती मुलांना हे माहीत असेल? यादव, शिलाहार निदान एका वाक्यात तरी येतात, कदंब तर तेवढेही नाहीत. आपल्याला कदंब म्हणजे गोव्यातली सरकारी बस, फार तर कारवारचा नौदलाचा तळ, बस.

आता एक नाजूक मुद्दा, पण टाळणार नाही. पिलारच्या टेकडीवर पूर्वी गोवेश्वराचं देऊळ होतं असं तिथे सांगतात. हे ऐकलं की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात, एक चिडतो आणि दुसरा विषय बदलतो. पोर्तुगीजांनी गोव्यात देवळं पाडली हे खरंच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण भांडण नेहमी त्या एका घटनेवर येऊन अडकतं आणि त्याच्या मागचं अख्खं शहर विसरून जातं याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण गोपकपट्टण पोर्तुगीजांनी संपवलं नाही, ते येण्याआधीच ते संपत आलं होतं. चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजा आल्या. १३४० च्या दशकात कर्नाटक किनाऱ्यावरच्या होन्नावरच्या सुलतानाने आरमार घेऊन गोव्यावर हल्ला केला, त्यात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता स्वतः होता, तो गोव्याच्या या बेटाला सिंदाबूर म्हणतो आणि त्यात छत्तीस गावं आहेत असं लिहितो. मग विजयनगरचे लोक आले, १४७२ च्या सुमारास बहमनींचा वजीर महमूद गवानने त्यांच्यासाठी गोवा घेतला. या सगळ्यात झुआरीकडच्या बंदरात गाळ भरत गेला, व्यापार मांडवीवर एला गावात सरकला, आणि आल्बुकर्कने १५१० ला जे जिंकलं ते हे एला, आजचं जुनं गोवा. म्हणजे गोपकपट्टण तोवर मागे पडलेलं होतं. कुणी एकाने पाडलं म्हणून नाही, शंभर-दोनशे वर्षांत हळूहळू.

कदंबांचं आपल्याशी काय नातं असं कुणी विचारेल, तर सप्तकोटीश्वर आठवा. ते कदंबांचं कुलदैवत, त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर त्याचं नाव असायचं. मांडवीतल्या दिवाडी बेटावरचं त्याचं देऊळ बहमनींच्या काळात पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने परत उभं केलं, १५४० मध्ये पोर्तुगीजांनी पाडलं, मग लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, त्याचा शिलालेख आजही दारावर आहे. महाराजांचं देऊळ म्हणून आपण नार्व्याला जातो, फोटो काढतो, छानच आहे ते, पण हा देव मुळात कुणाचा हे तिथे उभं राहून कुणी सांगत नाही.

ज्यांनी हे शोधून काढलं त्यांची नावं तरी घेऊ. फादर हेरास, स्पेनमधून आलेले जेझुइट, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये इतिहास शिकवायचे, त्यांनी १९२९ मध्ये चांदोरला उत्खनन केलं, आणि त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराइश यांनी १९३१ मध्ये कदंबांचा पहिला मोठा इतिहास लिहिला. म्हणजे शिवभक्त राजांचा इतिहास ख्रिस्ती अभ्यासकांनी उकरला आणि पिलारच्या ख्रिस्ती साधूंनी जपला. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आजकाल कोणाचा वारसा कोणी सांभाळायचा यावर फार आरडाओरडा चालतो.

आता जाणार असाल तर. पिलारचं म्युझियम आधी बघा, वेळा फोन करून विचारून घ्या. मग खाली झुआरीच्या काठाला जा, तिथे जांभ्या दगडात बांधलेली बंदराची जुनी भिंत उरलीय, ओहोटीच्या वेळेला गेलात तर नीट दिसेल. गावात राजवीथी विचारा, कदंबांच्या वेळचा दगडी रस्ता. दुसऱ्या दिवशी चांदोर, तिथे कोटात बिनडोक्याचा नंदी आहे. आणि मुलांना बरोबर न्या, बीच संध्याकाळी होईलच.