पंधरा लाखांत घर? आधी जोत्याखाली काय भरणार ते सांगा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तर धाकट्या भावाने पाणी द्यायच्या आधी मोबाइल हातात दिला. "ताई, हे वाच. आपलं जमतंय."

मेसेज असा : 'हजार चौरस फुटांचं घर, 1500 रुपये दराने 15 लाखांत चावी हातात. बाकीचे खर्च म्हणजे इंजिनिअर आणि दुकानदारांनी चालवलेली लूट. गरिबाला जागं करा, पुढे पाठवा.' खाली सहा मुद्दे. हाच मेसेज मला आधी तीन ग्रुपांवर आला होता आणि मी तो न वाचताच सोडून दिला होता. पण भावाने त्याच्या भरवशावर वहीत 15 लाख लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या आणि जेसीबीवाल्याला शब्दही देऊन ठेवला होता. गाव चोपडा तालुक्यातलं, तापीकाठची काळीभोर जमीन, प्लॉटच्या एका अंगाला अजून केळीची बाग उभी. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

सगळ्यांत घातक मुद्दा दुसरा, म्हणून तो आधी घेते. 'माती परीक्षणाचे पैसे वाचवा. पाया तीन फूट पुरे. पायाची निघालेली माती जोत्यातच भरा, मुरमाचा खर्च शून्य. आपल्या आजोबांची घरं याच मातीवर शंभर वर्षं उभी आहेत.'

हे ज्याने लिहिलं त्याने खान्देशची काळी माती कधी उन्हाळ्यात पाहिली आहे का? मे महिन्यात शेतात जाऊन बघा, भेगेत अख्खा हात जातो. तीच जमीन आषाढात फुगून भेग बुजवते. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते, आणि वर काय उभं आहे याची तिला पर्वा नसते. ती जोत्यात, म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतच्या चौथऱ्यात, भरायची म्हणजे हे फुगणं-आकसणं आपण होऊन फरशीखाली आणून ठेवायचं.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. जळगावात 2014 साली आम्ही घर बांधलं तेव्हा ठेकेदाराने हेच केलं. मी त्या वेळी नोकरीवर, साइटवर फक्त रविवारी जायची. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात ओट्याजवळच्या फरश्या मधून वर आल्या, गॅसचं सिलिंडर सरळ उभं राहीना. मागचं दार श्रावणात चौकटीत रुतून बसायचं. सुतार यायचा, रंधा मारून जायचा. उन्हाळा आला की त्याच दाराखालून उंदीर शिरेल एवढी फट. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग आम्ही तीनदा पुट्टीने भरली, तीनदा ती परत आली. शेवटी स्वयंपाकघर आणि हॉलची फरशी उखडली, अडीच फूट काळी माती पाट्या-पाट्यांनी बाहेर काढली, मुरूम भरून पाणी मारून ठोकून घेतला, वर कोबा, वर नवी फरशी. तो मुरूम ठोकणारा म्हातारा मिस्त्री काढलेल्या मातीचं ढेकूळ हातात घेऊन म्हणाला होता, "काळी शे ताई, हाई घर खाई जाई." वहीत त्या कामाचा आकडा आहे : 1 लाख 12 हजार. बिऱ्हाड मात्र महिनाभर चुलत सासूबाईंकडे हलवावं लागलं, त्याचा आकडा लिहिलेला नाही.

आता मुरमाचा हिशोब. हजार फुटांचं जोतं, अडीच फूट भरणी म्हणजे 2500 घनफूट, म्हणजे 25 ब्रास. ठोकल्यावर मुरूम बसतो, म्हणून 30 ब्रास धरा. हजार रुपये ब्रास धरला तरी 30 हजार. हे 30 हजार वाचवायचा सल्ला हा मेसेज देतो आहे.

आजोबांच्या घरांचं म्हणाल, तर आपल्या भाषेतच उत्तर आहे. शेताला आपण काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. जुनी गावं पांढरीवर वसली, काळी पिकासाठी राखली. शिवाय ती धाब्याची घरं होती : लाकडी खांबांवर भार, मातीच्या जाड भिंती, भेग पडली की लिंपून घ्यायची, धाब्यावर दर वर्षी नवी माती पसरायची. काँक्रीट आणि फरशी असं लवत नाही, ते तडकतं. आणि आज नवे प्लॉट पडताहेत ते पांढरीत नाहीत, काळीत पडताहेत.

ज्यांना माझ्या घराचा दाखला पुरेसा वाटत नाही त्यांनी भारतीय मानक आयएस 2911 चा तिसरा भाग बघावा. फुगणाऱ्या मातीसाठीच्या खांबवजा पायाबद्दल तो आहे. या पायाचा खांब खाली कंदासारखा फुगीर असतो, आणि त्यावर रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने काम केलं. खोल काळ्या मातीत या खांबाची लांबी जमिनीखाली किमान साडेतीन मीटर हवी, असं तो सांगतो. का, तर वरच्या थरातली ओल ऋतूप्रमाणे बदलते, माती हलते, म्हणून पाया त्या हलणाऱ्या थराच्या खाली टेकला पाहिजे. साडेतीन मीटर म्हणजे साडेअकरा फूट. मेसेज म्हणतो तीन फूट. वर मुरूम किंवा खडक लवकर लागला तर प्रश्नच नाही, पाचोरा-चाळीसगावकडे पुष्कळ ठिकाणी लागतो. पण तापीकाठी किती खाली लागेल हे खड्डा घेतल्याशिवाय कोण सांगणार? माती परीक्षण त्यासाठीच. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा फी घेऊन करून देतात. त्यातली एक चाचणी तर डोळ्यांना दिसते : काचेच्या दोन नळ्या, प्रत्येकीत 10 ग्रॅम वाळवलेली माती, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. चोवीस तासांनी बघायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या जमिनीचा स्वभाव.

पहिला मुद्दा, 1500 च्या दरात 'सगळं आलं'. कोणाचं सगळं? ठेकेदाराच्या कागदावर बोअर नाही, मोटर नाही, जमिनीखालची टाकी नाही, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा नाही, कंपाउंड-गेट नाही, खांबापासून घरापर्यंतची वीज नाही, खिडक्यांच्या जाळ्या नाहीत, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नाही. जिना आणि त्याच्यावरची टोपी, छज्जे, गॅलरी हे मात्र मापात धरतात. म्हणजे आत वापरायला हजार फूट हवं असेल तर मोजणी हजारावर थांबत नाही. केळीच्या पट्ट्यात पाणी किती खोल गेलंय ते शेतकऱ्याच्या पोराला मी काय सांगू! त्या रात्री भावाबरोबर बसून हे एकेक लिहिलं, तर बेरीज साडेचार लाखांच्या वर गेली. वास्तुशांतीचं जेवण त्यात नाही, आणि गावात ते टळत नाही.

तिसरा मुद्दा, सिमेंटवरचा जीएसटी उतरला, म्हणून घर 10 टक्के स्वस्त. कर उतरला हे खरं, 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 झाला. पण तो सिमेंटवर, घरावर नव्हे. जुन्या करासह गोणी 350 ला होती असं धरा, नव्या कराने ती 323 च्या आसपास येते, तेही दुकानदाराने सगळी सूट दिली तर. हजार फुटांच्या घराला साधारण 400 गोण्या लागतात. वाचले 11 हजारांच्या आत. लोखंडावर आधीही 18 होता, आताही 18 आहे. दीड लाख कुठून वाचले?

चौथा मुद्दा, गावात बांधकामाला परवानगी लागत नाही. यात अर्धं खरं आहे, मान्य करते. राज्य शासनाने 2021 साली ग्रामीण भागात 3200 चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराच्या परवानगीची अट काढली. पण 1600 फुटांपर्यंतसुद्धा मालकीचे कागद, लेआउट, नकाशा, नियमाप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि विकास शुल्क ग्रामपंचायतीत भरावं लागतं. म्हणजे ज्या इंजिनिअरला मेसेज लुटारू म्हणतो त्याची सही लागतेच.

पाचवा, 'सात दिवस पाणी मारा, पुरे.' काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, सात दिवस आहेत, पण साध्या सिमेंटला. कोरड्या उष्ण हवेत किमान दहा, आणि दुकानात आज बहुतेक मिळतं त्या पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, चौदा दिवसांची शिफारस. चोपड्याच्या मे महिन्यात स्लॅबवर घातलेलं पाणी दुपारपर्यंत दिसत नाही. टँकरचे पैसे वेगळे काढून ठेवा.

सहावा, 'कर्ज मंजूर झालं की कुदळ मारा, हप्ता घर झाल्यावर.' बँक 15 लाख एकदम हातात देत नाही. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा 90 टक्क्यांची, उरलेलं पदरचं, आणि ते आधी घालावं लागतं. मग काम जसं चढेल तसे टप्पे. पहिला टप्पा बहुधा जोतं झाल्यावर, म्हणजे खोल पाया, मुरूम, बोअर हे सगळे जमिनीखालचे पैसे तुमचेच. उचललेल्या रकमेवर व्याजही तेव्हापासूनच : पाच लाख उचलले, दर साडेआठ टक्के, की महिन्याला साडेतीन हजार. घर व्हायचं अजून बाकी.

भावाने जेसीबीवाल्याला फोन करून फक्त एक खड्डा घ्यायला सांगितलं. सात फुटांवर काळीच लागली. मातीची पिशवी मी जळगावला घेऊन आले आहे, अहवाल आल्याशिवाय पायाची आखणी करायची नाही असं ठरलंय. वहीतल्या 15 लाखांवर त्याने काट मारली आणि वर पहिली ओळ लिहिली : 'जोत्यापर्यंत, रोख.'